हवेचा नकाशा आणि श्रमिकांची वस्ती

ज्या चंद्रपूरच्या भूमीवर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याच चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथ्या क्रमांकावर बसविले. कोळशाच्या खाणी, २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र, आणि त्यांच्या सावलीत श्रमिकांच्या वस्त्या!

अशा प्रदेशांच्या हवेचे रंगीत नकाशे आज काढले जातात. ते पाहून वाटते की, प्रत्येक ठिकाणची हवा मोजली गेली. वस्तुस्थिती तशी नाही. मापनकेंद्रे मोजकीच असतात. मधल्या जागा गणिताने भरल्या जातात. दक्षिण आफ्रिकेतील खाण-अभियंता डॅनी क्रिग याने १९५१ साली सोन्याच्या साठ्याचा अंदाज बांधण्यासाठी ही वाट काढली. फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँ यांनी तिला शास्त्ररूप दिले. जवळच्या केंद्राच्या आकड्यास अधिक वजन, दूरच्यास कमी, हे तिचे सूत्र होय.

शास्त्राशी आमचे भांडण नाही. अंदाज कोठे किती चुकू शकेल, हेही तेच गणित सांगते. केंद्रापासून जितके दूर जावे, तितका भरवसा कमी. परंतु वस्तीत यंत्रच नसेल, तर तिच्या नावावर दूरच्या मोहल्ल्याची हवा चढते आणि तिचा धूर सरासरीत विरून जातो. साक्षीदार न तपासता शेजाऱ्याच्या जबानीवर निवाडा करण्यासारखेच हे आहे.

प्रदूषणमुक्त हवा व पाणी हा संविधानाच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात म्हटले. सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा आपल्याकडे २००९ पासून घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ५ सुचविली. मर्यादा ओलांडली की नाही, हे मोजल्यावाचून कोण सांगणार? जेथे मोजमाप नाही, तेथे हक्क कागदावरच राहतो.

म्हणून आमच्या मागण्या दोन. नकाशासोबत त्याच्या अनिश्चिततेचाही नकाशा प्रसिद्ध व्हावा. आणि जेथे भरवसा सर्वांत कमी व लोकवस्ती दाट, तेथे नवे यंत्र प्रथम बसावे. बांधवांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये आपल्या वस्तीपासून जवळचे मापनकेंद्र किती दूर आहे, हे लेखी विचारावे. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण आहे. रंगीत नकाशालाही तीच कसोटी लावली पाहिजे.