थंड चूल

गेल्या हिवाळ्यात ग्वाल्हेरीस जाणे झाले. लष्कर भागात आमच्या भगिनीचे बिऱ्हाड आहे. शिंद्यांच्या फौजेचा तळ जेथे पडला तेथे हे शहर वसले, म्हणून त्याचे नाव लष्कर. आजही त्या गल्ल्यांत मराठी कानी पडते. भाची तेथेच संगणकाचे शिक्षण घेते. तिने व तिच्या मैत्रिणींनी रक्तदात्यांची यादी तयार केली आहे. मोबाईलवर रक्तगट निवडला की जवळच्या दात्यास निरोप जातो. काम पुण्याचे, परंतु त्यात एक दुखणे निघाले.

एका रात्री दोन वाजता शेजारच्या सुनेस बाळंतपणात रक्त हवे होते. तिच्या पतीने ती यादी उघडली. पडदा पांढराच! अर्धा मिनिट वाट पाहून त्याने मोबाईल खिशात टाकला आणि रिक्षा करून तो रक्तपेढ्या हिंडू लागला. रक्त मिळाले, मायलेकरे सुखरूप आहेत. पण सकाळी तो भाचीस म्हणाला, "ताई, तुमची ती यादी बंद पडली आहे." ती बंद पडली नव्हती, निजली होती.

"मामा, दोष टॉवरचा नाही," भाची मला सांगू लागली. "तोच मोबाईल, तीच जागा. पहिल्यांदा उघडायला पन्नास सेकंद लागतात, लगेच पुन्हा उघडली तर एकही नाही." तिने मला तसे करूनही दाखविले.

वाचकहो, अशा याद्या आपल्या मोबाईलमध्ये नसतात. दूरच्या इमारतींत हजारो यंत्रे रात्रंदिवस चालू असतात, त्यांवर भाड्याने जागा घेऊन त्या ठेवतात. ह्यालाच क्लाउड म्हणतात. कोणी वापरीत नसले तरी चालू कार्यक्रम यंत्राची स्मृती अडवून बसतो. म्हणून फुकटच्या बिऱ्हाडकरूस मालक निजवून ठेवतो. हेरोकू नावाच्या कंपनीकडे अर्धा तास कोणी फिरकले नाही की फुकटचा कार्यक्रम निजत असे. ती फुकट सोय २०२२ च्या नोव्हेंबरात बंदच झाली. रेंडर ह्या कंपनीकडे आज ही मुदत १५ मिनिटांची आहे, आणि जागे होण्यास सुमारे एक मिनिट लागते. कंपनी हे आधीच सांगते. तेव्हा तिला बोल लावता येत नाही.

मिनिटभर होते तरी काय? थंड चुलीपाशी जे होते तेच. प्रथम रिकामे यंत्र शोधावे लागते, मग कार्यक्रमाचे गाठोडे तेथे आणून सोडावे लागते. ज्या संगणकी भाषेत तो लिहिला तिची यंत्रणा सुरू करावयाची, त्यास लागणारी शेकडो लहानमोठी अवजारे वाचून घ्यावयाची, नावांच्या भांडाराशी ओळख पटवावयाची. तेव्हा कोठे पहिले उत्तर निघते. एकदा चूल पेटली की दुसरी भाकरी लगेच.

मोठ्या कंपन्यांनाही ह्याने छळले आहे. ॲमेझॉनने २०१४ साली लॅम्डा नावाची सेवा काढली. तीत हाक आली तरच कार्यक्रम जागा होतो. त्यासाठी २०१८ साली तिने इतके हलके आभासी यंत्र पुढे आणले की ते सेकंदाच्या आठव्या हिश्श्यात उभे राहते. तरीही जावा भाषेतले जड कार्यक्रम रेंगाळतच. मग २०२२ साली युक्ती निघाली ती अशी: सर्व तयारी झालेल्या क्षणाचा ठसा घेऊन ठेवावयाचा आणि हाक येताच तेथूनच पुढे चालावयाचे. मळलेली कणीक झाकून ठेवणारी गृहिणी ह्यात नवे काही मानणार नाही.

भाचीपुढे मार्ग होते. पैसे भरून यादी सदैव जागी ठेवावी, तर विद्यार्थिनींपाशी पैसा कोठला? काही जण दर दहा मिनिटांनी स्वतःच हाक मारून कार्यक्रम जागा ठेवतात. राखेखाली निखारा जपावा तसे. परंतु कंपनीने फुकट दिलेले तास त्यात संपत जातात, आणि मला तर ती थोडी लबाडीच वाटली. मुलींनी कार्यक्रमातील अनावश्यक अवजारे काढून टाकली. पन्नासाचे तीस सेकंद झाले. शिवाय पहिले पान वेगळे केले. ते साधे लिखित पान आहे, त्यास जागे व्हावे लागत नाही. त्यावर रक्तपेढ्यांचे क्रमांक असतात आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते: "यादी उघडत आहे, अर्धा मिनिट थांबा."

निघण्याच्या दिवशी पहाटे पाच वाजता मी मुद्दाम ते उघडून पाहिले. क्रमांक तत्काळ आले. यादी येईपर्यंत मी आकडे मोजीत बसलो. एकतिसाव्यास ती आली.