महालक्ष्मीचा नैवेद्य आणि मंद आच

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी सोनपावलांनी घरात येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. मराठवाड्यात त्यांना महालक्ष्म्या म्हणण्याचा प्रघात आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा या पाचही तालुक्यांतील घरोघरी त्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी, ज्वारीची आंबील आणि सोळा भाज्या यांचा थाट असतो. परंतु हा थाट ज्या हातांतून सिद्ध होतो, त्या हातांचा विचार आपण किती करतो? पहाटे स्नान करून सोवळ्याने चुलीपुढे बसलेली गृहिणी उपाशीपोटी दुपारपर्यंत राबते आणि आरतीची घंटा वाजू लागते तेव्हा अनेकदा ती स्वयंपाकघरातच असते. लक्ष्मीच्या पूजेला घरची लक्ष्मीच अनुपस्थित, ही गोष्ट भूषणावह खचितच नव्हे.

अशा घरांत अलीकडे एक नवे उपकरण येऊ लागले आहे. जाड मातीचे झिलई दिलेले भांडे, त्यावर काचेचे झाकण आणि भोवती विजेची मंद ऊब. यास ‘स्लो कुकर’ म्हणतात. परदेशी असलेला मुलगा वा लेक ते घेऊन येते आणि घरातील वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो. ज्या भांड्यात तिकडचे लोक नाताळच्या सणाला डुकराच्या मांडीचा खारवलेला तुकडा दिवसभर शिजवतात, त्यात महालक्ष्मीची डाळ शिजवावी काय? प्रश्न श्रद्धेतून आलेला आहे. त्याची थट्टा करू नये. त्याचे उत्तर मात्र नीट शोधावे.

या भांड्याचा इतिहास पाहिला तर मोठी मौज वाटते. अमेरिकेतील अर्व्हिंग नॅक्सन या ज्यू गृहस्थाला १९४० साली त्याचे पेटंट मिळाले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र वार. त्या दिवशी अग्नी पेटवणे त्यांना निषिद्ध. म्हणून लिथुआनियातील त्यांच्या आजीच्या काळी बायका शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी कडधान्य व मांस यांचे भांडे भटारखान्याच्या निवत्या भट्टीत ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी ते गरमगरम घरी आणीत. आईच्या तोंडून ऐकलेल्या या आठवणीतून नॅक्सन यांना आपली कल्पना सुचली. १९७१ साली दुसऱ्या एका कंपनीने हे भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. आपल्या कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. तोच हा वार आणि तेच हे व्रत. म्हणजे ज्या भांड्याकडे आपण साशंकतेने पाहतो, त्याचा जन्मच मुळी एका धर्मनियमाच्या पालनातून झाला. ज्यूंना डुकराचे मांस वर्ज्य. पुढे त्याच भांड्यात ख्रिस्ती घरांतून ते शिजू लागले. यावरून दिसते ते इतकेच की, भांड्याला स्वतःचा धर्म नसतो. तो वापरणाऱ्याच्या आचरणात असतो. आपल्याकडे नैवेद्याची भांडी वेगळी ठेवण्याची रीत आहेच. तसे एक भांडे केवळ देवकार्यासाठी राखून ठेवले की शंकेला जागा उरत नाही.

मंद आच ही आपल्याला नवी नाही. चुलीच्या वैलावर तासन् तास मुरणारे वरण आणि राखेत रात्रभर तापणारे दूध आजीच्या पिढीने पाहिले आहे. १९१० साली बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी कोळशाच्या शेगडीवरचा ‘इकमिक कुकर’ काढला, तोही याच तत्त्वावर. खरे पाहता घाई आणली ती शिट्टीच्या कुकरने, आणि त्याला तर आपण केव्हाच सोवळ्यात घेतले.

तथापि या भांड्याच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. भिजवलेली हरभऱ्याची डाळ त्यात चार ते आठ तासांत सुरेख शिजते. तळाला लागत नाही, की कुणाला राखण बसावे लागत नाही. परंतु गूळ डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घालावा. आधी घातल्यास डाळ कडक राहते. आणि पुरण मात्र पातेल्यातच, हाताने ढवळून आटवावे, कारण झाकलेल्या भांड्यातून पाण्याची वाफ बाहेर जात नाही. खिरीसाठी सडलेले गहू रात्री लावून सकाळी मऊ मिळतात. रात्री लावलेले अन्न शिळे म्हणावे काय, असे कुणी विचारील. जे आचेवरून उतरलेच नाही ते शिळे कसे? वाळलेला राजमा मात्र आधी दहा मिनिटे खळखळून उकळल्यावाचून त्यात कधीही घालू नये. कच्च्या दाण्यातील विषारी द्रव्य मंद आचेने जात नाही. वीज मध्येच किती वेळ गेली होती हे कळले नाही, तर कोमट राहिलेले ते अन्न देवापुढेही ठेवू नये आणि माणसांपुढेही. खर्चाचे म्हणाल तर दोनशे वॅटचे भांडे सहा तास चालले तरी वीज १.२ युनिटच लागते.

यावर काहीजण म्हणतील की, कष्टावाचून केलेली सेवा ती सेवा कसली? या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे. सेवेचे मोल डोळ्यांत गेलेल्या धुरावरून ठरत असते, तर चुलीच्या धुराने खोकणारी प्रत्येक माउली संत झाली असती. देवाला लागते ते अवधान. ते डाळ निवडताना असावे, पुरण ढवळताना असावे आणि आरतीच्या वेळीही असावे. उपकरणाने वाचवलेले तीन-चार तास जर आणखी तीन पक्वान्नांची फर्माईश होऊन तिच्याच माथी बसणार असतील, तर असे भांडे घरात न आणलेलेच बरे. ते तास तिचे आहेत, हे घरातील पुरुषांनी आधी मान्य करावे. भाज्या चिरणे आणि पाट-ताटे मांडणे एवढे तरी आपल्या अंगावर घ्यावे.

ज्या कयाधूच्या काठी नरसी वसली आहे, त्या भूमीला नैवेद्याचे मर्म वेगळे सांगण्याची गरज नाही. बाल नामदेवाने विठ्ठलापुढे ताट ठेवले आणि देव जेवेना म्हणून तो रडू लागला, ही कथा येथील लेकरांना पाळण्यापासून ठाऊक असते. त्या ताटातील अन्न कोणत्या चुलीवर शिजले होते, हे त्या कथेत कुणी सांगत नाही. सांगतात ते एवढेच की, ताट ठेवणारा समोरून हलला नाही. यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या वेळी घरच्या अन्नपूर्णेलाही तसे देवीसमोर बसता यावे, एवढी सोय मंद आचेच्या भांड्याने करून दिली, तर त्याला स्वयंपाकघरात मानाने जागा द्यावी.