करसवलत म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी नव्हे!

डिसेंबर आला की अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत एक घाई सुरू होते. पगारातून फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंटमध्ये, म्हणजे एफएसएमध्ये, बाजूला ठेवलेले पैसे मुदतीत खर्च केले नाहीत तर त्यातले बरेचसे बुडतात. मग आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, टायलेनॉल यांच्या मोठाल्या बाटल्या खरेदी होतात. त्यांतल्या काही बॅगेतून इकडे आईवडिलांकडे येतात.

माझा आक्षेप कायद्यावर नाही. २०११ पासून अशा साध्या गोळ्यांसाठीही करसवलत हवी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी लागत असे. मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने ती अट काढली. डोकेदुखीच्या गोळीसाठी डॉक्टरांची फी भरायला लावणे चूकच होते. पण 'एफएसएला पात्र' या शिक्क्याचा अर्थ 'तुमच्यासाठी सुरक्षित' असा घेतला जातो, तिथे माझे भांडण आहे. पात्रता करखाते ठरवते. तुमची किडनी कशी आहे, हे त्याला ठाऊक नसते.

साधा हिशोब करा. आयबुप्रोफेनच्या २०० मिलिग्रॅमच्या बाटलीवर लिहिलेले असते: २४ तासांत ६ पेक्षा जास्त गोळ्या नकोत आणि दुखणे १० दिवसांहून लांबले तर डॉक्टरांना भेटा. म्हणजे फार तर ६० गोळ्या. मग ५०० गोळ्यांची बाटली कशासाठी? घरात साठा असला की हात तिकडे जातोच.

आता धोके पाहा:

- टेल्मिसार्टनसारखे बीपीचे औषध आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन घेतल्यास किडनीला इजा होऊ शकते. बीपीही वाढते.
- हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.
- टायलेनॉल म्हणजे आपले पॅरासिटामॉलच. अमेरिकेत त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. वरून क्रोसिन किंवा सर्दीची गोळी घेतली की डोस दुप्पट होतो आणि जास्त डोस यकृताला घातक ठरतो.

"पण मग पैसे बुडू द्यायचे का?" असे तुम्ही विचाराल. मुळीच नाही. चष्मा करा, रखडलेले दातांचे काम उरका, बीपीचे मशीन घ्या, गुडघ्यासाठी फिजिओथेरपी सुरू करा. हेही त्याच पैशांत बसते आणि दुखण्याच्या मुळाशी जाते.

आणखी एक गोष्ट. हे खाते मुख्यतः तुमच्यासाठी, जोडीदारासाठी आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी असते. भारतात राहणारे आईवडील सहसा त्यात मोडत नाहीत. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमधले, म्हणजे एचएसएमधले, पैसे तर वर्षअखेरीस बुडतही नाहीत, तेव्हा तिथे घाईचे कारणच नाही. उलट ६५ वर्षांच्या आधी ते अपात्र खर्चासाठी वापरले, तर करासोबत २० टक्के दंड बसतो.

आईचे गुडघे दुखत असतील तर बाटली पाठवण्याआधी तिच्या चालू औषधांची यादी मागवा आणि तिच्या डॉक्टरांना एक फोन करा.