हेलो आणि पटका
रविवारी रात्री मेसमध्ये फॉर्म्युला वनवरून वाद पेटतो. हॅमिल्टनने फेरारीत जायला हवं होतं का? 2026 च्या नियमांत जवळपास निम्मी ताकद विजेची, मग ही रेस कसली? मी आवडीने भांडतो. पण कुणी ‘सुरक्षेच्या नियमांनी मजा घालवली’ म्हणालं, की माझा आवाज चढतो.

2018 मध्ये ड्रायव्हरच्या डोक्याभोवती ‘हेलो’ ही टायटॅनियमची कमान आली, तेव्हा मीही तिला ‘चपलेचा पट्टा’ म्हणून हसलो होतो. रोमाँ ग्रोजाँचाही तिला विरोध होता. नोव्हेंबर 2020 मध्ये बहारीनला त्याची गाडी कठडा भेदून दुभंगली, पेटली. तो आगीतून स्वतः बाहेर आला. हात भाजले, डोकं शाबूत राहिलं. हॉस्पिटलमधून त्याने आपलं मत चुकल्याचं सांगितलं.

लेफ्टनंट असताना काश्मीरच्या उन्हात मी बुलेटप्रूफ पटका काढायचो. आमचे सुभेदार साहेब एवढंच म्हणाले, “साहेब, तुम्ही काढलात की अख्खी प्लाटून काढणार.” पुन्हा काढला नाही.

इंजिन बदला, पंख बदला, आपण भांडू. डोकं वाचवणारा नियम मात्र मजेच्या तराजूत घालू नका. त्या गाडीत आपण बसलेलो नसतो.