ताप अंगावर काढू नका, काढायला लावूही नका

शहाड, मोहने, आंबिवली आणि खाली उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत जे खोली भागीदारीत घेऊन राहतात, जीन्सच्या गाळ्यात काम करून त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपतात, रेयॉन कंपनीच्या पाळ्यांना जातात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. त्यांच्या शेठ लोकांनी आणि कंत्राटदारांनीही वाचावं. किंबहुना त्यांनी आधी वाचावं.

कोरोना गेला, असं आपण धरून चाललो आहोत. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, हे खरं. आजार संपल्याचं मात्र कुणी जाहीर केलेलं नाही. 2025 च्या मे-जूनमध्ये मुंबई-ठाण्याकडे रुग्ण पुन्हा वाढले होते. बहुतेकांना सौम्य त्रास झाला, घरच्या घरी बरे झाले. पण पंचविशीतल्या कारागिराला जो ताप दोन दिवसांत सोडतो, तोच ताप खोलीतल्या साखरेचा आजार असलेल्या पंचावन्न वर्षांच्या काकांना सोडेलच असं नाही. खोली दोघांची एकच असते.

सरकारी पत्रकात लिहिलेलं असतं : रुग्णाने हवेशीर स्वतंत्र खोलीत राहावं, स्वतंत्र शौचालय वापरावं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण, कोपऱ्यात मोरी, शौचालय चाळीच्या टोकाला, अशा ठिकाणी हे वाक्य वाचून माणूस पत्रक घडी घालून ठेवून देतो. पोटमाळ्याची गोष्ट तर आणखी वेगळी. खाली शिवणयंत्रं, वर सरळ उभंही राहता येत नाही इतकी उंची, हवेला वाट म्हणजे चढायच्या लोखंडी शिडीचं भोक. काही ठिकाणी एकच गादी दोन पाळ्यांना पुरते. रात्रपाळीवाला उठतो न उठतो तोच दिवसपाळीवाला तिच्यावर अंग टाकतो.

अशा राहणीत काय होतं ते सिंगापूरने पाहिलं आहे. तिथे परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत सव्वातीन लाखांच्या आसपास कामगार दाटीवाटीने राहत होते. डिसेंबर 2020 मध्ये तिथल्या सरकारने रक्ततपासण्या धरून हिशेब मांडला, तेव्हा त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं. शिस्तीचा, पैशाचा तो देश. कमी पडली ती जागा.

जागा आपण वाढवू शकत नाही. मग हातात काय उरतं? वेळ आणि हवा. मार्च 2020 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहरात एका इमारतीतल्या कॉल सेंटरमध्ये 97 जणांना लागण झाली. त्यातले 94 जण एकाच अकराव्या मजल्यावर बसणारे होते, आणि त्यातलेही जवळपास सगळे मजल्याच्या एकाच बाजूचे. लिफ्ट आणि खालचा दरवाजा सगळी इमारत वापरत होती, तरी बाकीच्या मजल्यांवर आजार फारसा गेला नाही. एकाच बंद हवेत तासन् तास शेजारी बसणं, बोलणं, जेवणं, तिथेच घात होतो. विषाणू मुख्यतः श्वासावाटे, बोलण्या-खोकण्यातून उडणाऱ्या बारीक थेंबांवाटे पसरतो. कोंदट जागेत ते थेंब बराच वेळ तरंगत राहतात.

म्हणून शेठजी, गेटवर कपाळाला लावायचं ते थर्मामीटरचं पिस्तूल आणि पायाने दाबायची सॅनिटायझरची बाटली यांवर फार विसंबू नका. लक्षणं दिसण्याच्या दोनेक दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. त्या दोन दिवसांत त्याचं कपाळ थंडच असतं. हात साबणाने धुवावेत, जरूर धुवावेत, वीस सेकंद चोळून. पण जे पैसे फवारणीवर घालवणार ते भिंतीला एक एक्झॉस्ट पंखा बसवण्यात घाला. पोटमाळ्याला रस्त्याच्या बाजूने खिडकी पाडा. ताडपत्री लावून खिडक्या कायमच्या बंद केल्या असतील तर वर पत्र्याची छपरी बसवा, म्हणजे पावसातही उघड्या ठेवता येतील. खोलीत डासांमुळे खिडकी लावून घेत असाल तर जाळी ठोका. टेबलफॅन असेल तर तो खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा आणि समोरचं दार उघडं राहू द्या. खोलीतली हवा बाहेर जाईल, दाराने नवी आत येईल. एसी म्हणजे ताजी हवा, असा एक गैरसमज आहे. घरगुती स्प्लिट एसी तीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो.

झोपताना तोंडाला तोंड येईल असं झोपू नका. एकाचं डोकं भिंतीकडे, तर शेजारच्याचे पाय भिंतीकडे. एवढ्यानेही दोन तोंडांमध्ये चार-पाच फूट पडतात, आणि याला एक रुपया लागत नाही. चादर-उशी ज्याची त्याची. गादी एकच असेल तर निदान चादर बदला.

कामावर मास्क लावणारी माणसंही जेवणाच्या सुट्टीत तो काढून गोल करून बसतात, एकमेकांच्या डब्यात हात घालतात. नंतर एक जण तळहातावर तंबाखू-चुना मळतो, त्यातली चिमूट चौघांत फिरते. विडीचा एक झुरका हा, एक झुरका तो. ही आपुलकी आहे, मान्य. पण आसपास तापाची साथ असेल तेव्हा डबा दाराशी किंवा व्हरांड्यात बसून खावा, दोन तुकड्यांत सुट्टी घ्यावी, आणि चिमूट आपापल्या पुडीतली असावी. माठावर एकच पेला साखळीने बांधलेला असतो, तो काढून टाका. बाटली प्रत्येकाची वेगळी.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे ताप लपवला जातो तो खाड्याच्या भीतीने. खाडा पडला की रोज बुडाला. रोज बुडाला की गावी पैसे जात नाहीत, शिवाय उचल घेतलेली असते. जीन्सच्या गाळ्यात तर नगावर पैसे. मशीन थांबलं की कमाई थांबली. मग माणूस तापाची गोळी घेतो, घाम आला की बरं वाटतं आणि यंत्रावर बसतो. गोळीने ताप उतरतो, विषाणू तिथेच असतो. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोघांना लागण झालेली. त्या कारागिराला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ज्याला चार दिवस झोपून राहायची सोय नाही त्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी आधी ती सोय करावी. एका आजाऱ्याची पाच दिवसांची मजुरी आणि आठ माणसांचं बंद पडलेलं काम, यातलं स्वस्त काय, हा हिशेब शेठ लोकांना शिकवायला नको.

ज्यांच्या पगारातून ईएसआय म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी कापली जाते (कामगाराचा वाटा पगाराच्या 0.75 टक्के), त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ईएसआयच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आजारपणाचा दाखला दिला आणि ठरलेल्या सहा महिन्यांत निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली, की आजारपणाच्या दिवसांचे मजुरीच्या 70 टक्के पैसे मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ही योजना लागू होते. पगाराच्या पावतीवर कपात दिसते आणि हातात कार्ड नाही, असं असेल तर कंत्राटदाराला आजच विचारा, ताप येण्याची वाट पाहू नका.

खोलीत एखाद्याला ताप, घसादुखी, अंगदुखी सुरू झालीच तर त्याला खिडकीजवळची जागा द्या आणि बाकीच्यांनी दाराकडे सरकावं. तोंडावर मास्क त्याच्याही आणि तुमच्याही. झडप असलेला मास्क आजारी माणसाला देऊ नका, त्यातून त्याचा श्वास तसाच बाहेर येतो. त्याचं ताट-पेला वेगळा, साबणाने धुतला की पुरे. सार्वजनिक शौचालयात त्याने मास्क लावून, गर्दी नसेल तेव्हा जावं. तपासणी करून घ्या. रॅपिड किटवर निगेटिव्ह आलं आणि लक्षणं आहेत, तर आरटीपीसीआर करा. खोलीने मिळून एक ऑक्सिमीटर घेऊन ठेवावा. बोटाला लावल्यावर आकडा 94 च्या खाली दाखवत असेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, माणूस असंबद्ध बोलू लागला असेल, तर रात्र आहे म्हणून थांबू नका. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय किंवा कल्याणचं रुक्मिणीबाई, जे जवळ पडेल तिथे न्या.

शहाडला दोन महापालिकांच्या हद्दी एकमेकींना खेटून आहेत. राहायचं कल्याण-डोंबिवलीत आणि कामाला उल्हासनगरात, किंवा उलट. मे 2020 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत अत्यावश्यक सेवेत असलेल्यांनी तिकडेच मुक्काम करावा असा आदेश काढला होता. एवढा विरोध झाला की तो बाजूला ठेवावा लागला. घर आणि काम यांच्यात कागदावर रेघ ओढता येत नाही, हे तेव्हा कळलं. म्हणून खोलीत कुणी आजारी असेल तर ते कारखान्यात कळवा, आणि कारखान्यात कुणी सापडलं तर ते त्याच्या खोलीवर कळवा. आजाऱ्याला परस्पर गावची गाडी पकडून देऊ नका. वाटेतले प्रवासी आणि गावातले म्हातारे-कोतारे तुमचे कुणी लागत नाहीत का?

आणि माणूस बरा होऊन परत आला की त्याला दारात अडवू नका. सरकारच्या जानेवारी 2022 च्या नियमाप्रमाणे सौम्य आजारात तपासणीपासून सात दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला, की विलगीकरण संपतं. पुन्हा तपासून निगेटिव्हचा कागद आण, असं काही मुकादम सांगतात. त्याची गरज नाही. आरटीपीसीआरमध्ये विषाणूचे मेलेले तुकडे बरं झाल्यानंतरही कित्येक आठवडे दिसू शकतात. त्या कागदापायी आणखी खाडे पडले, की पुढच्या वेळी त्याच्या शेजारचा ताप आल्याचं सांगणारच नाही.