शेणाची खतावणी



आम्ही पेशाने कारकून. जमाखर्च जुळला नाही तर आम्हाला चैन पडत नाही. आज शेणाची खतावणी मांडतो.

जनावर चारा खाते. त्यातले स्फुरद, म्हणजेच फॉस्फेट, थोडे दुधात आणि हाडांत जाते, बाकीचे शेणातून बाहेर पडते. गोबरगॅसच्या टाकीत शेण कुजले तरी ते गॅसबरोबर जात नाही, रबडीतच राहते. गोवऱ्या जाळल्या तर नत्र धुरावाटे उडते, स्फुरद मात्र राखेत उरते. रक्कम बुडत नाही, ती चुकीच्या खात्यावर पडते, एवढेच.

हॉलंडचे उदाहरण घ्या. देश लहान, पण गाई-डुकरांची दाटी मोठी. परदेशी पेंडीबरोबर स्फुरदही बोटीने येते. जमिनीला पेलेना झाले की ते ओढ्या-तळ्यांत उतरते, शेवाळ माजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. म्हणून तिथे जनावरांच्या मलमूत्रातील फॉस्फेटवर वर्षाला 17 कोटी 29 लाख किलोंची मर्यादा होती. 2015 साली दुधाचा कोटा उठला, गाई वाढल्या आणि मर्यादा ओलांडली गेली. 2017 साली गाई कमी कराव्या लागल्या. 1 जानेवारी 2018 पासून दुभत्या जनावरांसाठी फॉस्फेटचे हक्क ठरवून दिले गेले. जादा शेण उचलून नेणाऱ्याला तिथला शेतकरीच पैसे मोजतो!

ते दूर का पाठवत नाहीत? कारण रबडीत बहुतेक पाणीच. पाण्याचे भाडे कोण भरणार? यावर बेल्ट्रम गावच्या एका बायोगॅस प्रकल्पात तोड काढली गेली. रबडी पिळून चोथा वेगळा करतात. चोथा गंधकाम्लाने धुतला की स्फुरद पाण्यात उतरते. त्या पाण्यात चुना घातला की ते तळाशी बसते. ते वाळवून दूर नेता येते. उरलेला चोथाही मातीत मिसळायला चालतो.

आणि आपण? डीएपीच्या 50 किलोंच्या गोणीत 23 किलो फॉस्फेट असते. त्यासाठी लागणारा खडक, आम्ल किंवा तयार खत बहुतांशी परदेशातून येते. तिकडे जे डोईजड, ते इकडे विकत!

दोन म्हशींच्या घराला आम्लाची गरज नाही. चुलीची राख उकिरड्यात टाका. रबडीचा खड्डा झाका, ती नाल्यात सोडू नका. आणि एक गोष्ट विसरू नका. गोबरगॅसच्या किंवा रबडीच्या टाकीत माणूस उतरवू नका. आतला विषारी वायू क्षणात जीव घेतो, आणि वाचवायला उतरलेलाही परत येत नाही. मालक म्हणेल, पाच मिनिटांचे काम आहे. त्याला सांगा, पंप आणा. शेणातले स्फुरद परत मिळवता येते, गेलेला माणूस नाही.