हत्यारांना जागा हवी

निवृत्त माणसाच्या हाती फंडाचे पैसे आले की तो दोन प्रकारची खरेदी करतो, असे माझे बँकेतल्या नोकरीपासूनचे निरीक्षण आहे. एक यात्रा कंपनीची तिकिटे, दुसरी हत्यारे. यात्रेबद्दल मला काही म्हणायचे नाही. हत्यारांबद्दल मात्र आहे. कारण मी राहतो त्या बाळकुममध्ये सध्या हत्यारे फार येत आहेत आणि फार जातही आहेत. येतात ती खोक्यांतून: बॅटरीवर चालणारे ड्रिल, अँगल ग्राइंडर, जिगसॉ, शिवाय प्लॅस्टिकच्या सुटकेसमध्ये बसवलेले शंभर नग. जातात ती भंगारवाल्याच्या हातगाडीवरून, किलोच्या भावाने.

जाणारी हत्यारे कुणाची, हे जुन्या ठाणेकराला सांगायला नको. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. जेकेग्रामची रेमंडची गिरणी तर त्याच्याही आधीची. कोलशेत रस्त्याला रसायनांचे कारखाने आले. या सगळ्या ठिकाणचा फिटर, टर्नर बाळकुम, माजिवडे, कळव्याकडे राहायचा, आणि त्याच्या घराच्या पडवीत किंवा चाळीच्या जिन्याखाली एक लाकडी बाक असायचा. बाकावर व्हाइस, खाली पत्र्याची पेटी. रविवारी आळीतली कुलुपे, सायकली, पंखे तिथे येत. हे वर्कशॉप कोणी ‘उभारलेले’ नसे. ते साचत जाई. एका दिवाळीच्या बोनसमधून मायक्रोमीटर, पुढच्या बोनसमधून आटे पाडायच्या डायचा संच. मुलुंडला तयार होणारे राल्लिवुल्फचे ड्रिल घरी असणे म्हणजे श्रीमंती. एक कानस घ्यायची तरी माणूस मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाई, दहा कानशींवर अंगठा फिरवून बघे आणि मग एक पिशवीत टाकी.

कारखाने गेले. कोलशेतला मनोरे उभे राहिले. रेमंडच्या आवारातही आता घरे विकली जातात. गेल्या गणपतीच्या सुमारास गावठाणातल्या एका निवृत्त फिटरचे घर पाडायला घेतले. गृहस्थ वारले होते. मुलाने पेटी भंगारात दिली. हायस्पीड स्टीलची ड्रिल बिट्स आणि गंजके खिळे एकाच तराजूत गेले. मुलाला मी दोष देत नाही. तो संगणकाच्या कंपनीत आहे, सहाशे फुटांच्या घरात राहतो. पेटी ठेवायची कुठे? पलंगाखाली सुटकेसा आहेत, बाल्कनीत वॉशिंग मशीन. गंमत अशी, की त्याच मुलाने महिन्याभरापूर्वी साडेसहा हजारांचा नवा संच मागवला होता.

नवी हत्यारे वाईट आहेत असा माझा मुळीच दावा नाही. लिथियम बॅटरीचे ड्रिल हलके असते, त्याचा वेग बोटाने कमीजास्त करता येतो, स्क्रू पुरेसा आवळला की क्लच सुटतो. हातातल्या गिरमिटाने भोके पाडण्यात काही विशेष पुण्य आहे असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. पण घेणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. म्हणजे पहिले ड्रिल घेताना तुम्ही पुढच्या दहा वर्षांची हत्यारेही ठरवून टाकता. कर्जदार जसा पहिल्या तारणाने बँकेला बांधला जातो, तसेच हे. दुसरी गोष्ट क्रमाची. वस्तू घट्ट धरल्याशिवाय कापता येत नाही, भोसकता येत नाही, घासता येत नाही. म्हणून पहिला पैसा बाकावर आणि व्हाइसवर, दुसरा उजेडावर आणि अर्थिंगवर, तिसरा चष्म्यावर. यंत्राचा नंबर त्यानंतर. आपल्याकडे नेमके उलटे होते. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेते. तिच्यावर कमाल वेग छापलेला असतो, पुष्कळदा मुदतही. ते न वाचता, गार्ड काढून, त्यात लाकडाची दातेरी चकती बसवून, एका हाताने लाकूड धरून काम करणारे सद्गृहस्थ मी याच बाळकुममध्ये पाहिले आहेत.

१९९३ साली पंतप्रधान रोजगार योजना आली तेव्हा अशा अर्जांचे गठ्ठे माझ्या टेबलावर असत. कोटेशनमध्ये यंत्रे भरगच्च. बाक, दिवा, फ्यूज यांचा पत्ता नाही. ज्यांची खाती नियमित चालली त्यांत मला एक साम्य दिसले. ते आधीची झिजलेली हत्यारे पिशवीत घालून दाखवायला आणत. आता त्यांना नवे यंत्र का हवे, हे कोटेशन न वाचताही कळे. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांतल्या कारागिरांना हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत रक्कम मिळते, पण तिला कौशल्याची तपासणी आणि प्रशिक्षण जोडलेले आहे. सरकारी योजनांचे कौतुक करण्याची मला सवय नाही. तरी ही जोडणी योग्य आहे.

तर मग घरात वर्कशॉप थाटावे कसे? माझे स्पष्ट मत आहे, की फ्लॅटमध्ये थाटूच नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा आहे. ग्राइंडर तिच्या कितीतरी पुढे जातो, आणि खालच्या मजल्यावर परीक्षेला बसलेली मुले असतात. वर्कशॉप सोसायटीचे असावे. आमच्या मनोऱ्यांत व्यायामशाळा आहे, मिनी थिएटर आहे, बोर्ड लावलेली योगाची खोली आहे. पोडियमच्या पार्किंगमधली दोनशे फूट जागा मिळाली तरी पुरे. एक दणकट बाक, दोन व्हाइस, एक उभे ड्रिल, एमसीबी आणि आरसीसीबी लावलेला स्वतंत्र बोर्ड, आग विझवायची नळकांडी. वेळ सकाळी दहा ते बारा. शिकवायला गावठाणातले आणि चाळीतले निवृत्त कारागीर, मानधन देऊन. ‘काका, जरा बघता का’ म्हणून फुकट नव्हे.

हे स्वप्नरंजन नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून पुणे जिल्ह्यात पाबळला गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम काढला. तिथली पोरे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम करत शिकली, गावाची कामे करत शिकली. अमेरिकेतल्या एमआयटीने २००२ साली आपल्या आवाराबाहेर फॅब लॅब सुरू केली, तीही तिथेच. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासून निवृत्त पुरुष अशा सामाईक शेडमध्ये जमतात. तिथे खुर्च्या दुरुस्त होतात आणि बोलायलाही माणूस मिळते. बायकोच्या पश्चात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना त्याचे मोल किती, हे आमच्या इमारतीच्या लॉबीत दुपारी बसलेल्यांकडे पाहून कळते.

आक्षेप मला ठाऊक आहेत. बोट कापले तर जबाबदार कोण? हत्यार चोरीला गेले तर? माझ्यातला बँकवाला याला उत्तर देऊ शकतो: नोंदवही, अनामत, विमा, किल्ली एकाकडेच. 

गेल्या वार्षिक सभेत मी हा ठराव मांडला. सेक्रेटरींनी शांतपणे विचारले, ‘‘साहेब, याने फ्लॅटची किंमत वाढेल का?’’ मी म्हटले, वाढणार नाही; पण नळाचा वॉशर बदलायला चारशे रुपये देणेही बंद होईल. सभागृह हसले. ठराव पुढच्या सभेवर ढकलला. विषयपत्रिका परवाच आली. त्याचा क्रमांक सातवा आहे. सहावा विषय व्यायामशाळेतली ट्रेडमिल बदलण्याचा.